सात दिवस आणि पाच वर्षं

अॅनिमेटेड सुपरहिरो मालिकांबद्दल एक मत हल्ली सिद्धान्तासारखं मांडलं जातं: कालरेषेत खंड पडला की लेखक चुकला. या मताचा नेहमीचा आरोपी म्हणजे ‘यंग जस्टिस’ ही मालिका. तिच्या पहिल्या पर्वाचा शेवट अमेरिकेत २१ एप्रिल २०१२ रोजी दाखवला गेला, दुसरं पर्व २८ एप्रिलला सुरू झालं. प्रेक्षकांचे सात दिवस गेले, पात्रांची पाच वर्षं. पहिल्या पर्वातला रॉबिन, डिक ग्रेसन, आता नाइटविंग झालाय, रॉबिनच्या वेशात टिम ड्रेक आहे. या दोघांमधला रॉबिन, जेसन टॉड, कधी आला आणि कधी मेला? त्याचा स्मारक-होलोग्राम तेवढा दिसतो.

पूर्वपक्षाचं म्हणणं असं की ज्यांना वाढताना पाहायचं, त्यांची वाढच गाळली. तक्रार पोकळ नाही. मालिकेतल्या मेगन आणि कॉनर या प्रेमिकांचं नातं पडद्याआड तुटतं, हे प्रेक्षकाला बोचणारच.

पण या मतात विसंगती आणि खंड यांची गल्लत आहे. आधीचं आणि नंतरचं विधान एकाच वेळी खरं असू शकत नसेल तर ती विसंगती, आणि तिला माफी नको. खंडात मात्र काही सांगायचं राखून ठेवलेलं असतं. ‘यंग जस्टिस’ तर पडद्यावर स्थळ, तारीख आणि वेळ छापते. वेळेचा विसर पडलेल्याचं हे लक्षण नव्हे. पहिल्या पर्वाचा शेवटही एका भोकावरच उभा आहे: सुपरमॅन, बॅटमॅन यांच्यासह जस्टिस लीगचे सहा जण शत्रूच्या अमलाखाली सोळा तास बेपत्ता होते. त्या सोळा तासांत त्यांनी काय केलं, यावर दुसऱ्या पर्वाचा डोलारा उभा राहतो.

हा टीव्हीवाल्यांचा आळस आहे असं वाटत असेल तर विदर्भातल्या पद्मपूरच्या भवभूतीकडे जावं. ‘उत्तररामचरिता’चा पहिला अंक सीतात्यागाने संपतो आणि दुसरा बारा वर्षांनंतर सुरू होतो. मधलं सारं विष्कंभकात, म्हणजे अंकाआधीच्या जोडप्रवेशात, आत्रेयी आणि वासंती यांच्या बोलण्यातून कळतं: वाल्मीकींकडे वाढणारे कुश-लव, रामाचा अश्वमेध, सीतेची सुवर्णप्रतिमा. रामाची ती बारा वर्षं कवी दाखवत नाही. तिसऱ्या अंकात पंचवटीत राम मूर्च्छित होतो, तेव्हा त्या वर्षांचं वजन कळतं.

निंदा करायचीच तर आपल्या रोजच्या मालिकांतल्या ‘लीप’ची करावी. मुलगी लग्नाची होते आणि आईच्या चेहऱ्यावर एक सुरकुती नसते! तिथे काळ गेला म्हणायचं, पण त्याने कुणाचं काहीच बिघडवलेलं नसतं.

‘यंग जस्टिस’च्या पहिल्या पर्वातल्या संघनायक कॅल्डरचं तसं नाही. पाच वर्षांनंतर तो शत्रूच्या, म्हणजे आपल्या बापाच्या, गोटात दिसतो. जिच्यावर त्याचं प्रेम होतं त्या टुलाच्या मृत्यूने तो फिरला असं सगळे मानतात. प्रत्यक्षात तो हेर म्हणून घुसलेला असतो, आणि हे त्याच्या मोजक्याच साथीदारांना ठाऊक असतं. याच मालिकेवरच्या २०१३च्या व्हिडिओ गेमने टुलाचा मृत्यू दाखवून ती पोकळी काहीशी बुजवलीही. पण मालिकेनेच ती पाच वर्षं क्रमाने दाखवली असती, तर बेत शिजताना आपण पाहिला असता, आणि कॅल्डर फितूर झाला यावर इतर साथीदारांबरोबर आपणही फसलो, तसे फसलो नसतो.