आठ टोकं, एक बिंदू

डिसेंबर 1974. भोपाळच्या सहा नंबर स्टॉपवर तुम्ही उतरता आणि शिवाजी नगरातल्या सरकारी क्वार्टरांच्या रांगेत शिरता. दुपारचे दोन वाजलेत. पुरुषमंडळी वल्लभ भवनात फायलींपुढे, मुलं शाळेत. एका अंगणात उन्हात चटई घातलेली आहे आणि तिच्यावर चार बायका बसल्या आहेत. तुम्ही कोण, कुठल्या, असं कोणी विचारत नाही. नागपूरच्या काकू सरळ सुई पुढे करतात. “डोळे बरे दिसतात तुमचे. ओवून द्या.”

गोधडी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे येतात ते जुन्या लुगड्यांचे थर आणि त्यांवरून फिरणारा धावदोरा. तो शेवटी येणार आहे. आज वरचा पदर जुळवण्याचं काम चाललंय. हातभर रुंदीचे चौकोन, आणि एकासारखा दुसरा नाही. एकात तारा, एकात कोयरी, एकात कमळ. ग्वाल्हेरच्या वहिनींच्या घरात शिलाई मशीन आहे, पण ते झाकलेलंच आहे. या टोकांना मशीन पुरत नाही.

तुमच्या वाट्याला ताऱ्याचा चौकोन येतो. शंकरपाळ्याच्या आकाराचे आठ तुकडे: चार नागपुरी लुगड्याचे, चार जुन्या धोतराचे. लग्नपत्रिकेच्या जाड कागदातून कापलेला साचा ठेवून उलट्या बाजूनं पेन्सिलीची रेघ ओढलेली आहे आणि रेघेबाहेर पाव इंच माया सोडलेली आहे. तुकड्याच्या दोन कडा सरळ धाग्यात आहेत, दोन तिरक्या. तिरकी कड जराशी ओढली तरी लांबते, म्हणून काकू तुमचा हात धरतात. “ओढून नका राहू. कापडाला झोपू द्या.”

टाचणी एका तुकड्याच्या टोकातून उभी घालायची, दुसऱ्याच्या टोकातून बाहेर काढायची, मग धावदोरा. टाका रेघेवर सुरू होतो आणि रेघेवरच थांबतो. माया शिवायची नाही, तिला मोकळं सोडायचं. दोन-दोन तुकडे जोडले की चार जोड्या होतात, जोड्यांचे दोन अर्धे तारे, आणि मग शेवटची आडवी शिवण. इथे आठही टोकं एका बिंदूत यायला हवीत. तुमची सात येतात. आठवं टोक शिवणीखाली गडप होतं.

“काहून, जुळून नाही राहिलं?” काकू बोट फिरवतात, मधले चार टाके उसवतात आणि चौकोन परत तुमच्या मांडीवर ठेवतात. पुन्हा टाचणी, पुन्हा टाके. या वेळी टोक सापडतं. मागची माया सगळी एकाच दिशेनं, गोल वळवून बसवायची, नाहीतर मध्यावर गाठीसारखा फुगवटा राहतो. इस्त्री कोण पेटवणार? तांब्यात कढत पाणी आहे, त्याच्या बुडानं शिवण दाबली जाते.

शेजारी वहिनी कोयरी बसवतायत. कोयरी तळकापडावर कच्च्या टाक्यांनी अडकवलेली आहे. सुईच्या अणीनं कड आत लोटायची, अंगठ्यानं धरायची, खालून वर येऊन घडीचा एखादाच धागा पकडायचा. दोरा कोयरीच्या रंगाचा, तळाच्या नव्हे. आत वळणाऱ्या जागी रेघेच्या अलीकडेपर्यंत कात्रीचे छोटे छेद. टोकाशी मात्र एक बाजू आधी वळवायची, जादा कापड छाटायचं, मगच दुसरी. नाहीतर निमुळतं टोक बोथट होतं.

हात चालू असताना बोलणं माहेराकडे वळतं. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असलेल्या नागपूरचं राजधानीपण संपलं. मध्य भारत राज्याची राजधानी उन्हाळ्यात इंदूर, हिवाळ्यात ग्वाल्हेर. तेही राज्य नव्या मध्य प्रदेशात विलीन झालं. विंध्य प्रदेश आला, भोपाळ आलं. राजस्थानातून सिरोंज इकडे जोडलं गेलं, इकडचं सुनेल तिकडे गेलं. नव्या राजधानीत, भोपाळला, फायलींबरोबर कारकून आले, कारकुनांबरोबर ट्रंका, ट्रंकांत ही लुगडी. “आमचं हिवाळ्याचं बिऱ्हाड असायचं,” वहिनी म्हणतात. “इथे बारा महिन्यांचं झालं.” काकू मान वर न करता विचारतात, “अन् आमचं?” वहिनी गप्प राहून पुढचा दोरा ओवतात.

अशा चौकोनांच्या नादानं आणखी 111 वर्षं मागे जाता येतं. 1863 मध्ये अमेरिकेतल्या व्हर्मॉन्ट राज्यात, यादवी युद्ध चालू असताना, जेन स्टिकल नावाची बाई पाच-पाच इंचांचे 169 चौकोन जोडत होती. गोधडीच्या कोपऱ्यात तिनं आपलं नाव, ‘युद्धकाळात 1863’ आणि तुकड्यांची संख्या, 5,602, शिवून ठेवली. त्या नोंदीमुळे ती आजही ओळखली जाते. भोपाळच्या या अंगणात नाव शिवायचं कोणाच्या मनातही येत नाही. पण कापड ओळखता येतं: हा काठ नागपूरचा, ही चंदेरी ग्वाल्हेरकडची, हे महेश्वरी इंदूरच्या आजींचं. जीर्ण चंदेरी तुकड्यामागे आजींनी अस्तर लावलं आहे, कारण ती एकटी टाक्याचा ताण सोसणार नाही.

चार वाजत आले. मुलं आता येतील, चहा ठेवावा लागेल. काकू एक कोरा तुकडा, साचा आणि कात्री तुमच्याकडे सरकवतात. पुढचा चौकोन तुम्ही कापायचा. महेश्वरीच्या काठालगत धोतर येणार आहे, दोन्ही कापडांची जाडी वेगळी आहे.

1956 मध्ये नकाशा कापणाऱ्यांनी रेघेवरूनच कात्री चालवली होती. तुम्ही साचा ठेवा, रेघ ओढा, पाव इंच बाहेर सरका आणि मग कापा.