इंग्रजीची परीक्षा आणि आपला कान



मागचं व्याख्यान संपल्यावर एक बाई थांबल्या होत्या. मुलगा यंदा दहावीला. त्यांचा प्रश्न अगदी सरळ होता. म्हणाल्या, "सर, व्याकरणाचा सराव आम्ही रोज करून घेतो. काळ, प्रयोग, शब्दयोगी अव्ययं, सगळं. पण क्लासमधले सर म्हणतात, ऐकण्याचाही सराव करा. त्याला मार्क किती? आणि ज्याला मार्क नाहीत त्याच्यात वेळ कशाला घालवायचा?"

आम्ही तेव्हा थातूरमातूर काहीतरी उत्तर दिलं. घरी आल्यावर वाटलं, हा प्रश्न त्या बाईंचा एकटीचा नाही. आपला समाज गेली पावणेदोनशे वर्षं इंग्रजीला हाच प्रश्न विचारत आलाय : याला मार्क किती? आज त्या सवयीचा इतिहास पाहू.

आधी एक कबुली. आमचं शिक्षण मराठी माध्यमातलं. इंग्रजीच्या पेपरात आम्हाला चांगले गुण असत. वाक्य रूपांतर करा म्हटलं की हात आपोआप चालायचा. पुढे तत्त्वज्ञानात एम. ए. केलं, सगळी पुस्तकं इंग्रजी. त्या काळात एकदा परदेशातून एक पाहुणे प्राध्यापक व्याख्यानाला आले. विषय आमच्या अभ्यासातला, पुस्तकं आम्ही कोळून प्यायलेली. आम्ही चार-पाच मित्र पुढच्या रांगेत बसलो. आणि पहिल्या पाच मिनिटांत लक्षात आलं की आम्हाला ऐकू काहीच येत नाहीये. आवाज येतोय, शब्द येत नाहीत. मध्येच सभागृह हसलं, म्हणून आम्हीही हसलो. शेवटी अध्यक्ष म्हणाले, विद्यार्थ्यांना काही विचारायचं आहे का? आम्ही पाचही जण माना खाली घालून वह्यांकडे बघत बसलो. तीच वाक्यं छापून हातात दिली असती तर आम्ही तासभर वाद घातला असता.

पुष्कळ वर्षं आम्ही याला स्वतःचा न्यूनगंड समजत होतो. नंतर इतिहास वाचताना कळलं की हा आमच्या परीक्षेचाही स्वभाव होता.

सुरुवात 1844 पासून करू. त्या वर्षी गव्हर्नर जनरल हार्डिंग यांच्या सरकारने ठराव केला की सरकारी नोकरीत इंग्रजी शिकलेल्यांना प्राधान्य द्यावं. इंग्रजी आणि पोट यांची गाठ इथे पक्की झाली. मग 1854 चा वूडचा खलिता आणि 1857 साली मुंबई, कलकत्ता, मद्रास इथली विद्यापीठं. आता ही विद्यापीठं कोणत्या नमुन्यावर उभी राहिली? लंडन विद्यापीठाच्या. त्या काळचं लंडन विद्यापीठ हे मुख्यतः परीक्षा घेणारं आणि पदव्या देणारं विद्यापीठ होतं. शिकवायचं ते कॉलेजांनी. म्हणजे आपल्याकडे विद्यापीठ जन्माला आलं तेच परीक्षा घेण्यासाठी. 1859 साली मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक झाली. न्यायमूर्ती रानडे त्या पहिल्या तुकडीतले.

आता व्यवहार लक्षात घ्या. मुंबई इलाखा केवढा! सिंधपासून धारवाडपर्यंत. इतक्या दूरदूरच्या मुलांची एकाच मापाने परीक्षा घ्यायची तर सोपा मार्ग एकच : छापील प्रश्नपत्रिका. कागद टपालाने जातो, कागद साठवता येतो, कागदावर गुण देता येतात, तक्रार आली तर कागद पुन्हा उघडता येतो. कानाचं काय करणार? फोनोग्राफ निघाला 1877 साली, आणि तो शाळेत येणं तर फार दूरची गोष्ट. मुलगा काय ऐकतो आणि काय समजतो, हे मोजायचं सोयीचं साधनच नव्हतं. त्यामुळे यात कोणाचा कट नव्हता. सोय होती. पण सोयीची एक गंमत असते. एकदा सोयीने जे मोजायला लागतो, तेच पुढे आपल्याला महत्त्वाचं वाटू लागतं.

कागदावर तपासायला सगळ्यात सोपं काय? व्याकरण. उत्तर चूक की बरोबर, वाद नाही. लिंडली मरे यांचं 1795 चं इंग्रजी व्याकरण इंग्लंडात चाललं तसं इकडेही आलं. त्याची घडण लॅटिनच्या व्याकरणावरून बेतलेली, म्हणजे जी भाषा रोजच्या व्यवहारात कोणी बोलत नव्हतं तिची. आमच्या आधीच्या पिढ्यांनी 'पार्सिंग' नावाचा जो प्रकार केला तो इथला. वाक्यातला एकेक शब्द उचलायचा आणि त्याची जात, लिंग, वचन, विभक्ती सांगायची.

आणि हा साचा इंग्रजीच्या तासापुरता राहिला नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 साली मराठीचं व्याकरण लिहिलं ते इंग्रजी व्याकरणांचा साचा समोर ठेवून. गोपाळ गणेश आगरकरांची 'वाक्यमीमांसा' 1888 ची. आगरकर म्हटलं की आपल्याला सुधारक आठवतो. पण हा माणूस शिक्षक होता आणि मराठी वाक्याचं पृथक्करण कसं करायचं याच्यावर त्यांनी पुस्तक लिहिलं. तेही इंग्रजी वाक्य-पृथक्करणाच्या वळणाने. म्हणजे इंग्रजी शिकता शिकता आपण आपल्या भाषेकडेही त्या नजरेने पाहायला लागलो. यात तोटाच झाला असं आम्ही म्हणणार नाही. विचाराला शिस्त आली. पण ती शिस्त डोळ्यांची होती.

मग 'तर्खडकर भाषांतर पाठमाला'. इथे बसलेल्या ज्येष्ठांपैकी अनेकांच्या घरात ती असेल. मराठी वाक्य द्या, इंग्रजी करा. इंग्रजी वाक्य द्या, मराठी करा. या पाठमालेने हजारो मराठी घरांत इंग्रजी नेली, जिथे शिक्षक नव्हता तिथेही नेली. हे उपकार मोठे आहेत. पण 'तर्खडकरी इंग्रजी' हा शब्दप्रयोगही आपणच केला ना? व्याकरणाने बिनचूक, पण कुठल्याही माणसाच्या तोंडी न शोभणारी इंग्रजी. कारण ती वाक्यं कानावर पडण्यासाठी रचलेलीच नव्हती.

आता एका माणसाची गोष्ट. पी. सी. रेन. 'रेन अँड मार्टिन' मधले रेन. ज्या जाडजूड व्याकरणाला आमची अख्खी पिढी घाबरली, ते 1930 च्या दशकातलं. हे रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीला होते, पुढे 'बो जेस्ट' या कादंबरीने जगभर गाजले. पण फार थोड्यांना ठाऊक असतं की याच रेन यांनी त्याआधी भारतीय शाळांमध्ये इंग्रजी 'डायरेक्ट' पद्धतीने शिकवण्यावर पुस्तक लिहिलं होतं. डायरेक्ट म्हणजे भाषांतर मध्ये न आणता, ऐकत-बोलत शिकवणं. एकाच माणसाची दोन पुस्तकं. कानाच्या बाजूचं पुस्तक आज कोणाच्या लक्षात नाही, आणि कागदाच्या बाजूचं अजून दुकानात मिळतं. का? कारण परीक्षेला कोणतं उपयोगी पडलं ते बघा.

हे फक्त आपल्याकडेच झालं का? केंब्रिजने 1913 साली परदेशी लोकांसाठी इंग्रजीची एक परीक्षा सुरू केली. बारा तासांची! भाषांतर, व्याकरण, निबंध, साहित्य, ध्वनिशास्त्र आणि तोंडी. तोंडीत वाचन, संभाषण आणि अर्धा तास श्रुतलेखन. पहिल्या वर्षी परीक्षेला बसले तीन. तिघेही नापास. आपण हसतो, पण एक गोष्ट बघा : बारा तासांतला निदान एक तास कानाचा आणि जिभेचा होता. पुढे टेपरेकॉर्डर आला आणि चित्र बदललं. 1964 ची अमेरिकेची टोफेल परीक्षा, तीत ऐकण्याचा स्वतंत्र भाग होता. म्हणजे जे शंभर वर्षं मोजता येत नव्हतं ते आता मोजता येऊ लागलं.

आणि आपण? आमच्या लहानपणी आकाशवाणीवर इंग्रजी बातम्या लागत, कसोटी सामन्यांचं धावतं वर्णन लागे. आमच्यातल्या ज्यांचं इंग्रजी पुढे मोकळं झालं, त्यातले बरेच जण त्या रेडिओला कान लावून बसणारे होते. पण शाळेने कधी 'रेडिओ ऐका' म्हटलं नाही. तो अभ्यास धरलाच जात नव्हता.

आता अगदी अलीकडचं. 2000 साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं. हेतू चांगला होता, मुलांच्या कानावर भाषा लवकर पडावी. दहावीला भाषांसाठी तोंडी परीक्षेचे, अंतर्गत मूल्यमापनाचे वीस गुण होते. ते शाळेच्या हातात. परिणाम आपल्याला माहीत आहे, बहुतेक शाळांत सगळ्यांना भरघोस गुण. मग 2019 च्या परीक्षेला ते अंतर्गत गुण काढून टाकले. अभ्यासक्रमही नवा होता. दहावीचा निकाल 2018 मध्ये 89.41 टक्के होता, तो 2019 मध्ये 77.10 टक्क्यांवर आला. ओरड झाली. गुण परत आले. 2020 चा निकाल 95.30 टक्के. त्या वर्षी करोनामुळे भूगोलाचा पेपर झाला नव्हता, हेही सांगायला हवं.

या सगळ्या गदारोळात चर्चा कशाची झाली? टक्केवारीची. अकरावी प्रवेशाची. मुलांना ऐकून समजतं का, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारला. खिरापतीसारखे गुण वाटणं आणि गुणच काढून टाकणं, दोन्ही वेळेला कान बाहेरच राहिला.

आता आम्ही मूळ मुद्द्यावर येतो. यात नुकसान कोणाचं होतं? जे परीक्षेत नीट मोजलं जात नाही ते शाळेत नीट शिकवलं जात नाही. जे शाळेत शिकवलं जात नाही ते घरून मिळवावं लागतं. आणि घरं सारखी नसतात. ज्या घरात आई-वडील इंग्रजी बोलतात, त्या मुलाला कान फुकट मिळतो. ज्याच्या घरात नाही, तो व्याकरणात शंभर टक्के उत्तरं बरोबर लिहितो आणि मुलाखतीत समोरच्याचा प्रश्न दुसऱ्यांदा विचारायची वेळ आली की घाम पुसतो. त्याला वाटतं आपण कमी पडलो. खरं तर त्याला जे शिकवलंच नाही, त्याचीच परीक्षा पुढे आयुष्य घेतं.

तत्त्वज्ञानाचा माणूस म्हणून एक भेद सांगतो. गिल्बर्ट राइल यांनी 1949 साली 'द कन्सेप्ट ऑफ माइंड' मध्ये तो मांडला. एखादी गोष्ट 'अशी आहे' हे माहीत असणं वेगळं, आणि ती 'कशी करायची' हे जमणं वेगळं. पोहण्याचे नियम पाठ असलेला माणूस विहिरीत टिकेलच असं नाही. भाषेचं तेच. आणि आपल्या परंपरेला हे नवीन नव्हतं. पतंजलींनी महाभाष्यात म्हटलंय, मडकं हवं तर माणूस कुंभाराच्या घरी जातो, पण शब्द वापरायचे म्हणून वैयाकरणाच्या घरी शब्द करून मागायला कोणी जात नाही. शब्द लोकांत आधीपासून असतात. व्याकरण त्यांच्यामागून येतं. ज्या देशात विद्येलाच 'श्रुती' म्हटलं गेलं, तिथे भाषा कानाशिवाय शिकवायची हे जरा विचित्रच नाही का?

पण मग व्याकरण सोडून द्यायचं का? मुळीच नाही. इथे लोक दुसऱ्या टोकाला जातात. एक साधं उदाहरण घ्या. इंग्रजीत वेगाने म्हटलं, 'शीज गॉन' आणि 'शीज गोइंग'. कानावर दोन्हीकडे एकच 'ज' पडतो. पण पहिल्यात 'हॅज' दडलेलं आहे आणि दुसऱ्यात 'इज'. हे कान सांगत नाही, व्याकरण सांगतं. दुसरं, 'दे वॉक टू स्कूल' आणि 'दे वॉक्ट टू स्कूल'. भूतकाळाचा तो 'ट' पुढच्या 'टू' मध्ये विरघळतो. मूल कितीही कान देऊन ऐको, फरक जेमतेमच कळणार. वाक्यात 'येस्टरडे' आहे का 'एव्हरी डे', हे पकडलं तर काळ कळणार. उलट, 'अ' आणि 'द' ही उपपदं मराठीत नाहीत आणि इंग्रजीत ती इतकी हलकी उच्चारली जातात की ऐकूच येत नाहीत. म्हणून आपली मुलं ती लिहिताना गाळतात. तो व्याकरणाचा दोष आपण समजतो, पण त्याचं निम्मं मूळ कानात आहे. व्याकरण आणि श्रवण वेगळे विषय नाहीत. वेळापत्रकाने ते वेगळे केले.

म्हणून त्या बाईंना आज नीट उत्तर देतो. घरी एक साधा सराव करता येईल. आपलं जुनं श्रुतलेखन, पण थोडं बदलून. 1990 साली रूथ वाज्नरिब या शिक्षिकेने ही पद्धत पुस्तकरूपाने मांडली. चार-पाच वाक्यांचा छोटा उतारा घ्या. मोबाइलवर कोणाच्या आवाजात मिळाला तर उत्तमच. नेहमीच्या वेगाने दोनदा ऐकवा, शब्दाशब्दाला थांबू नका. मुलाने फक्त महत्त्वाचे शब्द टिपायचे. मग त्या शब्दांवरून पूर्ण उतारा स्वतः लिहायचा, आणि शेवटी मूळ उताऱ्याशी ताडून बघायचा. जिथे चुकलं तिथे विचारायचं : ऐकू आलं नाही म्हणून चुकलं, की नियम माहीत नव्हता म्हणून? याच प्रश्नात सगळा अभ्यास आहे. रोज वीस मिनिटं पुरेत. दोन मुलं मिळून करतील तर अधिक चांगलं, वाद घालतील आणि शिकतील. आई-वडिलांना इंग्रजी येण्याचीही गरज नाही.

याला मार्क किती? दहावीच्या गुणपत्रिकेत कदाचित थोडेच. पण काळ आणि उपपदं यांच्या चुका कमी होतील, म्हणजे व्याकरणाचेही गुण वाढतील. आणि उद्या कोणत्या तरी सभागृहात तुमचा मुलगा पुढच्या रांगेत बसलेला असेल, शेवटी कोणीतरी विचारेल, "काही प्रश्न?" तेव्हा त्याने मान खाली घालू नये.

आमच्यापैकी त्या दिवशी पाचही जणांनी घातली होती.