विद्यापीठाशी ‘संलग्न’ म्हणजे काय?

गावातला मुलगा कॉलेजात जायला निघाला, की घरची मंडळी आधी फी विचारतात, मग वसतिगृह. पण कॉलेजच्या पाटीवर बारीक अक्षरांत ‘अमुक विद्यापीठाशी संलग्न’ अशी ओळ असते, ती कोणी वाचीत नाही. इंग्रजीत तिलाच ‘युनिव्हर्सिटी-अ‍ॅफिलिएटेड’ असे जोडविशेषण आहे. आज या शब्दाची थोडी विचारपूस करू या.

‘अ‍ॅफिलिएट’ हा शब्द मूळचा लॅटिन. ‘फिलिअस’ म्हणजे पुत्र. तेव्हा अर्थ झाला दत्तक घेणे. आपला ‘संलग्न’ हा ‘लग्’ धातूचा, म्हणजे ‘लग्न’ या शब्दाचा भाऊबंद. पाहा कशी गंमत आहे! इंग्रजीने हे नाते दत्तकाचे मानले, आपण लग्नाचे.

ही रीत लंडनची. १८३६ साली निघालेले लंडन विद्यापीठ आरंभी स्वतः शिकवीत नसे. कॉलेजांनी शिकवावे, विद्यापीठाने परीक्षा घेऊन पदवी द्यावी, असा रिवाज. तोच १८५७ साली मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे आला.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १९१८ साली हैदराबादेस उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ झाले आणि १९२३ साली औरंगाबादेस त्याच्या छायेखाली सरकारी कॉलेज निघाले. १९४८ साली निजामी राजवट संपली. पुढे १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने येथे कॉलेज काढले, तेच मिलिंद महाविद्यालय. त्याच साली नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले. शिक्षण दाराशी आले खरे, पण पदवी अजून हैदराबादचीच! २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा दत्तक गेलेली ही लेकरे घरी परतली, असे म्हणा ना. १९९४ साली त्याला बाबासाहेबांचे नाव जोडले गेले. त्याच साली नांदेडला निराळे विद्यापीठ झाले, आणि तिकडच्या कॉलेजांचे घर पुन्हा बदलले.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ही संलग्नतेची पद्धत पंधरा वर्षांत हळूहळू बंद करण्याचे योजिले आहे. पण ती आहे तोवर एक गोष्ट ध्यानात असू द्या. संलग्न कॉलेज शिकवते, पदवी मात्र विद्यापीठ देते. आणि संलग्नता अभ्यासक्रमापुरती असते. एका शाखेला आहे म्हणून दुसरीलाही असेलच असे नाही. म्हणून शिक्षकबंधूंनो, मुलाला दाखला देताना एवढे जरूर सांगा: ‘बाबा रे, फी भरण्याआधी ती बारीक ओळ वाच, आणि तुझ्या अभ्यासक्रमाचे विचारून घे.’ इमारत कितीही देखणी असो, हे नाते नसेल तर तीन वर्षांच्या कष्टांवर विद्यापीठाची मोहोर उमटणार नाही.