पवनचक्कीचे पाते पिळलेले का असते?

गंगापूर रोड (नाशिक) : सटाणामार्गे साक्रीकडे जाणाऱ्या नाशिककरांना ब्राह्मणवेल परिसरातील पवनचक्क्या नव्या नाहीत. वारा पात्यांना ढकलतो म्हणून ती फिरतात, हा समज मात्र अपुरा आहे. पात्याचा छेद विमानाच्या पंखासारखा असतो. त्याच्या एका बाजूने वारा अधिक वेगाने वाहतो, तेथील दाब घटतो आणि पाते तिकडे ओढले जाते.

८८ मीटर व्यासाचे चक्र मिनिटाला १७ फेरे घेते तेव्हा पात्याचे टोक ताशी सुमारे २८० किलोमीटर वेगाने धावते. मुळाचा वेग मात्र अगदी कमी असतो. त्यामुळे प्रत्येक ठिकाणी वारा वेगळ्या कोनातून भिडतो. तो कोन साधण्यासाठीच पात्याला पीळ दिलेला असतो. तरीही वाऱ्यातील ५९.३ टक्क्यांहून अधिक ऊर्जा काढून घेता येत नाही, हे जर्मन शास्त्रज्ञ अल्बर्ट बेट्झ यांनी १९२०च्या सुमारास दाखवून दिले. सगळीच ऊर्जा काढली तर वारा चक्रामागे थबकेल आणि मागून येणाऱ्या वाऱ्याला वाटच उरणार नाही.

खरी कसोटी टिकाऊपणाची. फायबरग्लास, रेझिन आणि बाल्सा लाकडाचे हे पाते प्रत्येक फेऱ्यात स्वतःच्याच वजनाने दोन्ही बाजूंना वाकते. वीस वर्षांत ही संख्या दहा कोटींच्या घरात जाते. अमेरिकेतील एस-८८ यंत्रांच्या काही पात्यांना तडे गेल्यानंतर, पुण्यात मुख्यालय असलेल्या सुझलॉन कंपनीने २००८ मध्ये १,२५१ पाती मजबूत करण्याचा कार्यक्रम जाहीर केला होता. आतल्या थरातील तडा डोळ्यांना दिसत नाही. तो शोधण्यासाठी दोराला लटकलेला तंत्रज्ञ पात्यावर ठोकून आवाज ऐकतो. ड्रोन आले तरी ही पद्धत सुटलेली नाही.