व्हिक्टोरिया गोदीतील दोन तास

दारूगोळ्याने भरलेल्या आगबोटीने मुंबई बंदरात शिरताना लाल बावटा चढवावा, धक्क्यापासून दूर नांगर टाकून माल पडावांत उतरवावा, हा जो शिरस्ता शांततेच्या काळात पाळला जात असे, तो दुसऱ्या महायुद्धाच्या धांदलीत हळूहळू मोडीत निघाला. बावटे दिसेनासे झाले आणि स्फोटके वाहणारी जहाजे थेट गोदीत येऊन लागू लागली. 12 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया गोदीत लागलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’च्या पोटात सुमारे 1,400 टन स्फोटके होती. तिच्यात कराचीस कापसाच्या हजारो गाठीही चढविल्या होत्या. युद्धामुळे रेल्वेवर ताण पडून कापसाला समुद्रमार्ग मोकळा करून देण्यात आला होता. लवकर पेट घेणारा आणि विझवण्यास कठीण असा हा माल स्फोटकांच्या सान्निध्यात ठेवण्याची मुभा ज्या दफ्तरातून मिळाली, त्या दफ्तराची कसूर मला आग लावणाऱ्या ठिणगीहून मोठी वाटते.

14 एप्रिलच्या दुपारी दुसऱ्या क्रमांकाच्या खणातून धूर दिसला. बंबवाले आले, नळ सोडले गेले, शेकडो टन पाणी आत ओतले गेले. परंतु पाण्यावर तरंगणाऱ्या जळत्या गाठी वर वर चढत स्फोटकांच्या मजल्यापर्यंत पोहोचल्या. बोट बाहेर खुल्या समुद्रात न्यावी, तर तिच्या यंत्राची दुरुस्ती चालू. जागीच बुडवावी, तर गोदीत तेवढे खोल पाणी नाही. कप्तान, गोदीचे अंमलदार, दारूगोळ्याचे जाणकार, बंबखात्याचे प्रमुख असे सारे तेथे हजर होते, प्रत्येकाचा सल्ला निराळा होता, आणि ज्याचा शब्द सर्वांवर बंधनकारक व्हावा असा एकही अधिकारी मात्र नव्हता.

4 वाजून 6 मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. त्यांचा हादरा सिमल्याच्या भूकंपमापकावरही नोंदला गेला. पेटत्या कापसाचे गोळे मांडवीच्या दाट वस्तीवर कोसळले. अधिकृत नोंदींत मृतांचा आकडा शेकड्यांत आहे. इतर अंदाज हजाराच्याही पुढे जातात, आणि ज्यांची नावे कोणत्याच मस्टरात नव्हती अशा हमालांचा हिशेब लागला असेल असे मला वाटत नाही. बंबखात्याचे 66 जवान त्यात गेले. बावटा नसल्याने पेटलेल्या बोटीत काय भरले आहे याची सूचना आजूबाजूच्या जहाजांना मिळाली नाही आणि ती दूर सरकली नाहीत.

गोदीतील ढिगारे उपसून पुन्हा जहाजे लावण्यास हजारो माणसांना महिनोन् महिने राबावे लागले. दरवर्षी 14 एप्रिलपासून देशभर जो अग्निशमन सप्ताह पाळला जातो, तो या मुंबईच्या जवानांच्या स्मरणार्थ आहे. त्या दिवशी भायखळ्याच्या बंबखान्यातील स्मारकापाशी वाचकाने एकदा तरी जाऊन यावे.