रानडुकरे, राखण आणि आपली कुंपणे

जोतीराव फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' म्हटले की आपल्याला सावकार, कुळकर्णी आणि कर्ज आठवते. त्यात रानडुकरेही आहेत, हे बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. 1883 सालच्या या पुस्तकात जोतीराव सरकारला साधारण असे बजावतात, की शेतकऱ्याच्या हाती हत्यार देण्याइतका भरवसा नसेल तर रात्री डुकरांपासून शेते तुमच्या पोलिसांनी राखावीत, आणि तरीही पीक गेले तर सरकारी खजिन्यातून भरून द्यावे. मला हा मजकूर फार मोलाचा वाटतो. वन्यप्राण्यांनी केलेल्या नुकसानीची भरपाई ही कल्पना आपल्याकडे एका माळी समाजातल्या सुधारकाने सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी मांडली होती!

त्यामागे 1878 हे साल आहे. त्या एकाच वर्षात इंग्रजांनी दोन कायदे केले, एक जंगलाचा आणि एक हत्यारांचा. पहिल्याने रान सरकारचे झाले. दुसऱ्याने परवान्याशिवाय बंदूक बाळगणे गुन्हा ठरला. रानातले डुक्कर मात्र पूर्वीसारखेच रात्री खाली उतरून रयतेच्या भातात शिरत राहिले.

आमचा कर्जत-खालापूरचा मुलूख तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. (कुलाबा नंतर, आणि रायगड हे नाव तर 1981 पासूनचे.) इथे भाताच्या रोपासाठी राब भाजायचा, म्हणजे टहाळ, पालापाचोळा, शेण पसरून जमीन जाळायची. नव्या जंगल कायद्याने टहाळ तोडण्यावर बंधने आली. ठाणे-कुलाब्यात त्यावरून एवढी ओरड झाली की चौकशीसाठी कमिशन नेमावे लागले. त्याचा अहवाल 1887 चा. इतिहास शिकवताना आपण जंगल सत्याग्रह म्हटले की थेट 1930 चे चिरनेर सांगतो, पण दुखणे त्याच्या कितीतरी आधीचे.

पण मूळ मुद्दा राखणीचा. भात निसवले, दाण्यात दूध भरले की डुकरे हमखास येतात. कळप एका रात्रीत जेवढे खातो त्याहून जास्त लोळून आणि तुडवून घालवतो. शिवाय गांडुळे, कंद शोधताना बांध उकरतात, ते वेगळेच. वरकस जमिनीवरची नाचणी-वरीही सुटत नाही. म्हणून शेतात माळा बांधायचा, शेकोटी पेटवायची, डबे बडवायचे, आरोळ्या द्यायच्या. दिवसा पाखरांसाठी गोफण. दिवसभर चिखलात राबलेला माणूस रात्रभर जागा राहायचा, आणि त्या जागरणाचा हिशेब कुठल्याच सारावसुलीत धरलेला नसे. डोंगरातली ठाकर, कातकरी माणसे डुकराचा माग काढण्यात तरबेज. गावाची पारध निघाली की हाकारे घालायला तीच पुढे. शिकारीचे वाटे पडत. म्हणजे ज्याने पीक खाल्ले त्याचे मटण निदान गावाला मिळे. एवढाच काय तो न्याय!

स्वातंत्र्यानंतर 1959 च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद झाली. जोतीरावांचे म्हणणे निम्मे मान्य झाले म्हणायला हरकत नाही. पुढे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. तो हवाच होता, नाहीतर आज दाखवायलाही काही उरले नसते. पण त्याखाली वाघाबरोबर पुढे डुकराचीही शिकार बंद झाली आणि डुकरे खाणारा पट्टेरी वाघ तर या डोंगरांतून आधीच गेलेला. बिबट्या आहे, पण मोठ्या नराच्या सुळ्यांशी तो सहसा पंगा घेत नाही. पीक नासवणाऱ्या डुकराला मारण्याची परवानगी कायद्यात आहे, पण ती अर्ज करून वनाधिकाऱ्यांकडून मिळवायची. डॉ. माधव गाडगीळांसारखा निसर्ग जाणणारा माणूसही नियंत्रित शिकारीची बाजू मांडत असे, हे अनेक प्राणीप्रेमींना रुचले नाही. मला ते पटते, कारण फुकटची राखण करणारा नेहमी गरीबच असतो.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आणखी एक भर पडली, ती आपली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग 2002 मध्ये पूर्ण झाला आणि कर्जत-खालापुरात फार्महाऊसचे पेव फुटले. या ब्लॉगच्या वाचकांतही काही प्लॉटवाले आहेत, त्यांनी राग मानू नये. प्लॉट घेतला की आपण पहिल्यांदा चिरेबंदी भिंत घालतो. आत गवत माजते, नाहीतर आंबे-सुरण लावतो. डुकरांची ओढ्याकाठची जुनी वाट भिंतीने अडली की ती वळसा घालून शेजारच्या भातात जातात. पडीक जमिनीतल्या झुडपांत दिवसभर दडायला जागा आयतीच मिळते. दोन-तीन वर्षे असे झाले की शेजारी भात लावणेच सोडतो, आणि मग तीही जमीन विकायला निघते.

काही जण तारेत थेट घरातली वीज सोडतात. हे बेकायदा तर आहेच, पण त्यात डुकराआधी माणूस मरतो. सौरकुंपण वेगळे, त्यात झटका क्षणभराचा असतो, जनावर बिचकते, मरत नाही. मात्र खालचे गवत कापत राहावे लागते, नाहीतर वीज जमिनीत उतरते.

ऑस्ट्रेलियात वॉम्बॅट नावाचा अस्वलासारखा दिसणारा, बिळे खणणारा प्राणी आहे. व्हिक्टोरिया प्रांताने 1906 मध्ये त्याला उपद्रवी ठरवले, पुढे मारणाऱ्याला बक्षीसही लावले. कारण हेच, कुंपणाखालून भोके पाडतो. आता तिथले शेतकरी त्याच्या नेहमीच्या वाटेवर कुंपणातच एक झुलते जड दार बसवतात. वॉम्बॅट डोक्याने ढकलून जातो, बाकीचे कुंपण शाबूत राहते. आपले डुक्कर असल्या दाराने सभ्यपणे जाणार नाही, हे कबूल! पण ओढ्याच्या काठाने दहा-पंधरा फुटांची पट्टी मोकळी ठेवून भिंत आत घ्यायला काय हरकत आहे?

आणि शेजाऱ्याचे भात गेलेच, तर वनखात्याकडे तीन दिवसांच्या आत अर्ज द्यावा लागतो, मग पंचनामा होतो. लिहायला-वाचायला येणाऱ्या प्लॉटवाल्याने शनिवारी आल्यावर तेवढा अर्ज लिहून दिला तरी पुष्कळ.