प्रतिमान आणि कुटुंब : सॉफ्टवेअर-निर्मितीच्या इतिहासातील एक पुणेरी प्रकरण

१९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लक्ष रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. यंत्र साध्या घरात हाताने वा पायाने सहज चालविता यावे आणि त्याची किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी, अशा त्याच्या अटी होत्या. काय हवे ते काटेकोरपणे सांगावयाचे आणि कसे घडवावे ते कारागिरावर सोपवावयाचे, ही त्या घोषणेची रीत होय. पारितोषिक कोणासही मिळाले नाही. तथापि वर्ध्याच्या मगनवाडीशी ज्यांचा परिचय आहे त्यांना हेही ठाऊक आहे की, तकली, पेटीचा येरवडा चरखा, पायाने चालणारा दोन चात्यांचा मगन चरखा ही सारी एकाच कुटुंबातील भावंडे आहेत. चाती सर्वांत समान. गती देण्याची युक्ती तेवढी निराळी.

सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात हे दोन विचार, म्हणजे प्रतिमानापासून निर्मिती आणि कुटुंबाची निर्मिती, बराच काळ अलग वाहत राहिले. १९६८ च्या गार्मिश परिषदेत मॅकिलरॉय यांनी सुट्या भागांच्या घाऊक उत्पादनाची कल्पना मांडली. १९७६ मध्ये पार्नास यांनी आज्ञावलींचे कुटुंब ही संज्ञा स्थिर केली : सदस्यांमधील भेद पाहण्यापूर्वी त्यांच्यातील साम्याचा अभ्यास करावा, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होय. कांग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये गुणविशेषांच्या विश्लेषणाची पद्धत दिली, आणि त्यातून उत्पादनमालेचे शास्त्र वाढले. दुसरा प्रवाह २००१ च्या सुमारास, ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुपने प्रतिमानाधिष्ठित रचनेचा पुरस्कार केला तेव्हा, सर्वांच्या नजरेत भरला.

पुण्यातील टाटा संशोधन, विकास व अभिकल्प केंद्र १९८१ साली स्थापन झाले. फकीरचंद कोहली यांचा त्यामागे पुढाकार होता. तेथे विकसित झालेल्या मास्टरक्राफ्ट या साधनसंचात पडदा, व्यवहार-नियम व माहितीसाठा या तिन्ही थरांची स्वतंत्र प्रतिमाने करून, ती एका समान अधिप्रतिमानाने जोडून, त्यांवरून आज्ञावली यंत्राकरवी उत्पन्न केली जाई. विनय कुलकर्णी व श्रीधर रेड्डी यांनी २००३ मध्ये या विभागणीची मीमांसा प्रसिद्ध केली.

खरी अडचण यापुढेच होती, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते या प्रकरणाचे ऐतिहासिक महत्त्वही तीतच आहे. ग्राहक बदलला की रचना बदले, तंत्र बदले, माहितीसाठ्याची जात बदले. आज्ञावली उत्पन्न करणारा जनक हा स्वतःच एक मोठा कार्यक्रम. दर नव्या मागणीस त्याची नवी आवृत्ती काढावयाची म्हटले तर हाताने लिहिण्याचे श्रम वाचून जनक सांभाळण्याचे श्रम मात्र वाढावयाचे. श्रम नाहीसे झाले नाहीत, त्यांनी फक्त जागा बदलली! कुलकर्णी व रेड्डी यांनी २००८ मध्ये मांडलेला उपाय असा की, जनकच लहान लहान घटकांतून जुळवावा, आणि ते घटक व त्यांची जुळणी हीसुद्धा प्रतिमानांनी वर्णावी. म्हणजे उत्पादनमाला येथे केवळ विकाऊ वस्तूंची राहिली नाही. ती अवजारांची झाली. पाश्चात्य ग्रंथांतील सिद्धांताचे हे केवळ अनुकरण होय, असे म्हणणे मला पटत नाही. अनेक ग्राहकांची सेवा करणाऱ्या व्यवसायाची निकड त्यामागे स्पष्ट दिसते.

भेद नेमका कोठे ठेवावा, हा प्रश्न मात्र या उपायाने मिटत नाही. व्याज-आकारणीचा नियम प्रतिमानात शोभतो. माहितीसाठ्याची जात जनकाने सांभाळावी. परंतु प्रत्येक व्यवहाराची नोंद मागाहून तपासता यावी, ही अपेक्षा कोणाची? बँकेचा व्यवस्थापक ती व्यवहाराचा भाग समजतो, तर आज्ञावलीकार तंत्राचा. ती एकदा जनकात गेली म्हणजे व्यवस्थापकाला दिसेनाशी होते, आणि प्रतिमानात ठेवली तर प्रत्येक प्रतिमानात पुनःपुन्हा लिहावी लागते.